जिना आणि जमीन : लाकडाचा रंग जुळवताना

 

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, "बचत गटाच्या ताईंनी पापड-कुरड्या सोडून हे सुतारकाम कुठून काढलं?" पण बायांनो, पॉलिशचं काम आता बायकाही करतात. आमच्या गटातल्या बायका घरोघरी जाऊन जुनी दारं, कपाटं, जिने घासून पॉलिश करून देतात. दसऱ्याच्या आसपास हे काम सुरू होतं आणि लग्नसराईपर्यंत चालतं. या कामात सगळ्यात जास्त कानावर येणारं वाक्य एकच : "ताई, जिना अगदी जमिनीसारखाच करून द्या." वाक्य सोपं आहे, काम अवघड आहे. रंग चुकला तर पुन्हा सगळं घासावं लागतं. घरमालकाचे पैसे जातात, नाहीतर गटाची मजुरी जाते. म्हणून आज याच कामाची माहिती. तुमच्या घरी लाकडी जिना असेल तर ती कामाला येईल, आणि हे काम शिकायचं असेल तर त्याहून जास्त कामाला येईल.

आपल्याकडे लाकडाची जमीन कुठे असते?

नागपुरात बहुतेक घरांत खाली फरशी असते. पण महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांमध्ये अजून कडीपाटाच्या माड्या आहेत. तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, आणि तीच वरच्या मजल्याची जमीन. माडीवर जायला अरुंद, चढा लाकडी जिना. महालातला चिटणवीस वाडा बाहेरून जरी पाहिला तरी जुन्या लोकांनी लाकडाचा किती वापर केला होता ते कळतं. दुसरीकडे बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडच्या नव्या डुप्लेक्स घरांमध्ये बेडरूममध्ये लाकडी फ्लोअरिंग आणि जिन्याच्या पायऱ्यांवर लाकडी फळ्या बसवतात. म्हणजे जुन्या घरात लाकूड एक पण वय वेगवेगळं, आणि नव्या घरात वय एक पण लाकूड वेगवेगळं. रंग न जुळण्याची ही दोन मुख्य कारणं आहेत.

रंग तीन ठिकाणांहून येतो

डब्यावर 'टीक' किंवा 'वॉलनट' लिहिलं आहे म्हणून तोच रंग लाकडावर उतरेल, असं नसतं. पॉलिश हे रंगासारखं वरून झाकत नाही, त्यातून खालचं लाकूड दिसतं. म्हणून शेवटी दिसणारा रंग तीन गोष्टी मिळून होतो : लाकडाचा स्वतःचा रंग, त्याच्यावरून गेलेला काळ, आणि आपण लावलेलं पॉलिश.

पहिली गोष्ट लाकूड. आपण विदर्भातले लोक या बाबतीत नशीबवान. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान देशभर नावाजलेलं आहे. इंग्रजांच्या काळात आपला भाग मध्य प्रांतात, म्हणजे 'सेंट्रल प्रोव्हिन्सेस'मध्ये होता. त्यावरून लाकडाचे व्यापारी आजही या सागाला 'सीपी टीक' म्हणतात. दिल्लीतल्या नव्या संसद भवनाचं उद्घाटन २०२३ साली झालं, त्यात नागपूरचं सागवान वापरलं आहे. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठीही त्याच वर्षी बल्लारपूरहून सागवान गेलं. आणि आपल्या विषयाला धरून एक गंमत सांगतो. संसद भवनात लाकूडकामाला आपला साग आहे, पण जमिनीला त्रिपुरातला बांबू वापरला आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या इमारतीतही सगळीकडे एकच लाकूड नाही.

सागाचा मूळ रंग सोनेरी-तपकिरी. बीजा, ज्याला काही भागात बिवळा म्हणतात, तो पिवळसर तपकिरी आणि गडद रेघांचा. ऐन तपकिरीकडून काळपटाकडे जाणारा. शिसव सगळ्यात काळसर. शिवण आणि आंबा फिके. आता एकाच डब्यातलं पॉलिश आंब्याच्या पायरीवर आणि सागाच्या जमिनीवर लावा, दोन्ही ठिकाणी वेगळं दिसेल. म्हणून कामाआधीचा पहिला प्रश्न रंगाचा नसून, जिना कोणत्या लाकडाचा आणि जमीन कोणत्या लाकडाची, हा असतो. ओळखता येत नसेल तर जिन्याखालच्या अंधाऱ्या बाजूला, जिथे पॉलिश केलेलं नसतं, तिथे बघावं. नाहीतर अनुभवी सुतारभाऊंना विचारावं. विचारायला पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट काळ. नुकताच रंधा मारलेला साग चट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. कुठे पिवळा, कुठे हिरवट, कुठे गडद. उजेड लागत गेला की काही आठवड्यांत-महिन्यांत तो एकसारखा सोनेरी होत जातो आणि पुढे गडद होतो. तुमच्या माडीवरची जमीन पन्नास वर्षांची आणि जिन्याची बदललेली पायरी पंधरा दिवसांची असेल, तर लाकूड एकच असूनही रंग वेगळा दिसणारच. जमिनीवर वर्षानुवर्षं एकाच जागी सतरंजी किंवा पेटी असेल तर ती उचलून बघा. खालचा चौकोन वेगळ्याच रंगाचा निघतो. मग जुळवायचं कोणत्या रंगाशी, हेही आधी ठरवावं लागतं. आमचं म्हणणं, जिन्याला लागून असलेल्या दोन-तीन हात जमिनीशी जुळवावं. माणसाची नजर तिथेच दोन्ही रंग एकत्र बघते.

तिसरी गोष्ट पॉलिश. तिच्याकडे आता सविस्तर येऊ.

आधी धुवा, मग बोला

काम घेताना आम्ही एक नियम पाळतो. जमीन आणि जिना स्वच्छ केल्याशिवाय रंगाची गोष्ट काढायची नाही. जुन्या लाकडावर मेणाचे थर, तेलकट हात, चुलीचा धूर, लादी पुसायच्या पाण्यातली धूळ, सगळं बसलेलं असतं. कठडा तर हाताच्या तेलाने काळा झालेला असतो. सौम्य साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं, पुसायचं आणि लगेच कोरड्या कपड्याने टिपायचं. लाकडावर पाणी ओतायचं नाही. पुष्कळदा एवढ्यानेच जिना दोन छटा उजळतो. मग घरातल्या काकू स्वतःच म्हणतात, "अगं, हा तर जुळतोच आहे!" तिथे आपली मजुरी कमी होते, पण पुढचं काम त्याच घरातून मिळतं.

जुनं पॉलिश कोणतं आहे ते ओळखा

जमिनीवर आधी काय लावलं आहे ते कळलं की अर्धं काम झालं. एखाद्या कोपऱ्यात, दाराआड, जिथे दिसणार नाही तिथे ही परीक्षा घ्यायची.

कापसाच्या बोळ्यावर स्पिरिटचे दोन थेंब घेऊन लाकडावर टेकवा. अर्ध्या-एक मिनिटात जागा चिकट झाली तर ते लाखेचं, म्हणजे स्पिरिट पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही, पण थिनरने मऊ पडलं, तर ते फवाऱ्याने मारलेलं लॅकर. दोन्हीने काहीच झालं नाही, तर व्हार्निश, मेलामाईन किंवा पीयू यांपैकी काहीतरी आहे. आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर तो आत शोषला जाऊन डाग गडद झाला, तर वरचं पॉलिश झिजून गेलं आहे किंवा नुसतं तेल-मेण आहे.

नव्या घरांत आणखी एक बघायचं, की ते खरं लाकूड आहे का. लॅमिनेट फ्लोअरिंगमध्ये लाकडाच्या रेघांचं छापील चित्र असतं. चार-पाच फळ्या नीट पाहिल्या तर तीच गाठ, तीच रेघ पुन्हा पुन्हा येताना दिसते. अशा जमिनीला घासता येत नाही आणि तिचा रंगही बदलता येत नाही. तिथे जमीन आहे तशी ठेवून जिनाच तिच्याजवळ न्यायचा. दुसरा एक प्रकार असतो, त्यात खाली प्लाय आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ थर. तो घासता येतो, पण हात फार जपून चालवावा लागतो. थर निघाला की खालचं प्लाय उघडं पडतं आणि त्याला इलाज नाही.

लाख, तेल की पीयू?

लाखेबद्दल थोडं सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही, कारण ती आपल्या भागातली आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा राहतो आणि अंगाभोवती राळेसारखं कवच करतो. ते कवच म्हणजे लाख. गोंदियाकडे लाखेचं काम पूर्वीपासून आहे. लाख शुद्ध करून पातळ पापुद्रे करतात, त्याला चपडा म्हणतात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश तयार. चपडा स्वतःच नारंगी-तपकिरी असतो, त्यामुळे प्रत्येक हातासरशी लाकडाला थोडी तांबूस झाक येते. जुन्या वाड्यांचा तो ऊबदार रंग पुष्कळदा लाखेचाच असतो. फिक्या लाकडासाठी रंग काढलेली पांढरी लाखही मिळते.

पण लाख जिन्याच्या पायरीवर एकटी टिकत नाही. पाणी सांडलं की पांढरा डाग पडतो, गरम भांडं ठेवलं की ती मऊ होते, आणि रोजच्या पावलांनी लवकर झिजते. कठड्याला, खांबांना, कपाटाला लाख उत्तम. पायरीला आणि जमिनीला व्हार्निश किंवा पीयू जास्त टिकतं. रंगासाठी खाली लाखेचा पातळ हात आणि टिकण्यासाठी वर पीयू, असंही करतात. मात्र त्यासाठी मेण काढलेली लाख घ्यावी लागते, नाहीतर वरचा थर धरत नाही.

जवसाचं तेल हा तिसरा जुना उपाय. जवस आपल्याकडे चटणीत जातो तसाच तो लाकडातही मुरतो. उकळून तयार केलेलं जवसाचं तेल लाकडाला पिवळसर-सोनेरी रंग देतं आणि वर्षांगणिक गडद होतं. त्याच्या चिंध्यांबद्दल एक फार महत्त्वाची गोष्ट आहे, ती पुढे सांगतो.

नमुन्याची फळी

मैत्रिणींनो, आजच्या भाषणातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : नमुन्याच्या फळीशिवाय जिन्याला हात लावू नका.

फळी त्याच लाकडाची हवी. नवी पायरी बसवताना सुतार जो तुकडा कापतो तो मागून घ्या. तुकडा नसेल तर जिन्याच्या खालच्या बाजूला वीतभर जागा वापरा. ती फळी जिन्यासारखीच घासा. पॉलिश पेपर ८० नंबरपासून सुरू करून १२०, मग १८० पर्यंत, नेहमी लाकडाच्या रेघेच्या दिशेने. घासणं जितकं बारीक, तितका रंग कमी शोषला जातो. फळी २२० ने घासली आणि जिना १२० वरच सोडला, तर तोच रंग जिन्यावर गडद येईल. असं झालं की लोक डब्याला दोष देतात.

घासून झाल्यावर एक सोपी युक्ती करा. ओल्या स्पिरिटचा बोळा फळीवरून फिरवा. ओली असताना फळी जशी दिसते, जवळजवळ तसाच रंग बिनरंगी पॉलिशखाली येतो. पुष्कळदा तेवढ्यातच तो जमिनीशी जुळतो आणि रंग घालायची गरजच पडत नाही.

रंग घालायचाच असेल तर जमिनीकडे नीट बघा. लाकडाच्या जमिनीत एक रंग नसतो. तिच्यात एक फिकी छटा आणि एक गडद छटा असते. तुमचा रंग फिक्या आणि मधल्या छटेच्या बाजूने ठेवा. फिका रंग गडद करता येतो, पण गडद झालेला फिका करायला पुन्हा पेपर घ्यावा लागतो. पिवळेपणा कमी वाटला तर पिवळी माती, तांबूसपणा कमी असेल तर गेरूचा रंग, आणि रंग फार भडक वाटला तर काजळीचा अगदी चिमूटभर अंश. काळा रंग घालताना हात आवरा. भाजीत मीठ जास्त झालं तर बटाटा तरी घालता येतो, इथे तो उपाय नाही.

सगळं चमच्याने मोजा आणि फळीच्या मागे लिहून ठेवा : एक पाव पॉलिशला किती चमचे काय, किती हात, तारीख कोणती. फळीवर तीन पट्टे करा. पहिल्यावर एक हात, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. त्यावर शेवटचा बिनरंगी थरही द्या. तो दिला नाही तर खरा रंग दिसतच नाही. चकचकीत थराखाली रंग खोल आणि गडद वाटतो, मॅट थराखाली थोडा धुरकट. म्हणून रंगासोबत चमकही जुळवावी लागते.

फळी वाळली की जमिनीवर आडवी ठेवून बघा, मग पायरीच्या उभ्या फळीजवळ उभी धरून बघा. आडव्या लाकडावर उजेड पडतो, उभं लाकूड सावलीत राहतं. त्यामुळे तोच रंग उभा धरला की गडद दिसतो. सकाळच्या उन्हात बघा, संध्याकाळी बघा आणि रात्री घरातल्या दिव्याखालीही बघा. पांढऱ्या एलईडीत जुळलेला रंग पिवळ्या दिव्यात जुळेलच असं नाही. जवळ वाकून बघू नका, दोन-तीन पावलं मागे उभं राहून बघा. घरात राहणारी माणसं जिन्याकडे तशीच बघणार आहेत.

रंगाचा हिशोब

मिश्रण पूर्ण जिन्याला पुरेल एवढं एकदम करायचं. मधेच संपलं की दुसऱ्यांदा तंतोतंत तेच बनत नाही. त्यासाठी क्षेत्रफळ काढता आलं पाहिजे. पायरी तीन फूट लांब आणि दहा इंच रुंद असेल तर ती अडीच चौरस फूट. उभी फळी तीन फूट बाय सात इंच, म्हणजे पावणेदोन. एका पायरीचे सव्वाचार चौरस फूट झाले. पंधरा पायऱ्यांचे जवळजवळ चौसष्ट. कठडा आणि खांब वेगळे धरा, त्यांना वेळ जास्त लागतो. डब्यावर एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतात ते लिहिलेलं असतं. त्यावरून हात मोजून माल काढा आणि थोडा जास्तच करा.

पायरीच्या कापलेल्या टोकाशी लाकडाची तोंडं उघडी असतात, ती रंग पाण्यासारखा ओढतात आणि काळी पडतात. त्या जागा बारीक पेपरने जास्त घासा किंवा आधी लाखेचा एक पातळ हात देऊन बंद करा. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे काही पॉलिशं त्याच्यावर लवकर वाळत नाहीत. घासल्यावर थिनरच्या कपड्याने पुसून घ्यायचं आणि त्याच दिवशी पहिला हात द्यायचा.

आपली नागपूरची हवा

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. अशा उन्हात दुपारी पॉलिश केलं तर ते पसरायच्या आत वाळतं आणि ब्रशच्या रेघा राहतात. उन्हाळ्यात काम करायचंच असेल तर सकाळी लवकर करा. पावसाळ्यात उलटा त्रास होतो. स्पिरिट उडताना लाकूड गार होतं, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पॉलिशवर पांढूरकी झाक येते. तीच गोष्ट कूलरची. काम चालू असताना आणि वाळेपर्यंत त्या खोलीतला कूलर बंद ठेवायचा. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी येऊन बटण दाबतंच. दसरा ते होळी हा सगळ्यात चांगला काळ.

अगदी एकसारखं हवंच का?

आता एक वेगळी गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. जिना आणि जमीन अगदी एकाच रंगाची, एकाच चमकेची झाली, तर वरून उतरताना पायरी कुठे संपते ते दिसत नाही. तरण्या माणसाला काही वाटत नाही. पण मोतीबिंदू झालेल्या आजीला, अंधारात पाणी प्यायला उठलेल्या आजोबांना पहिली पायरी जमिनीचाच भाग वाटते. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की घर किती महिने त्या एका खाटेभोवती फिरतं, हे आपल्यापैकी अनेकींनी पाहिलं आहे आणि सेवाही आपणच केली आहे. सार्वजनिक इमारतींसाठीच्या सुगम्यतेच्या नियमांतही पायरीची कड वेगळ्या रंगाने उठून दिसावी असं सांगितलेलं आहे. मग आपल्या घरात का नको?

म्हणून काकू "अगदी सारखं" म्हणाल्या, की आम्ही त्यांच्यासमोर तीन पर्याय ठेवतो. एक, पायऱ्या जमिनीच्या रंगाच्या आणि उभ्या फळ्या पांढऱ्या किंवा मोतिया. दोन, जमिनीपेक्षा जिना दोन छटा गडद. यात दोन रंग जुळता जुळता राहिल्यासारखे वाटत नाहीत, मुद्दाम केल्यासारखे दिसतात. तीन, सगळं एकाच रंगाचं, पण प्रत्येक पायरीच्या कडेला बोटभर गडद पट्टी. लाकूड वेगवेगळं असेल तेव्हा पहिला किंवा दुसरा पर्याय पैशानेही स्वस्त पडतो, कारण न जुळणारं जुळवत बसण्यात दिवस जात नाहीत.

आणि पायरीवर मेण कधीच लावू नका. चकचकीत पॉलिशही नको. पायरीला मॅट किंवा कमी चमकेचं पॉलिश द्यावं. पाय घसरत नाही आणि ओरखडेही कमी दिसतात.

आग आणि धूळ

महालातला भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ साली आगीत गेला, नगारखाना तेवढा वाचला. लाकडी घर आणि आग यांचं नातं आपल्या शहराला ठाऊक आहे. पॉलिशचं काम करताना ते विसरून चालत नाही.

स्पिरिट आणि थिनरची वाफ लगेच पेट घेते. काम चालू असताना त्या मजल्यावर गॅस, देवाचा दिवा, उदबत्ती काही पेटलेलं नको. खिडक्या उघड्या हव्यात. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत. स्पिरिट पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. ते विषारी असतं आणि तहानलेलं पोर बाटली तोंडाला लावतं.

आता जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचं. हे तेल वाळताना स्वतः गरम होतं. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात किंवा पोत्यात टाकल्या, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि काही तासांनी त्या आपोआप पेटू शकतात. काडी ओढायचीही गरज नाही. चिंध्या अंगणात एकेक पसरून पूर्ण वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. आमच्या गटात कामाच्या शेवटी चिंध्या मोजल्याशिवाय कोणी घरी जात नाही.

घासताना नाकातोंडाला चांगला मास्क बांधा. सागाची भुकटी काहींच्या त्वचेला खाजवते, म्हणून बाह्यांचे कपडे घाला. जुन्या कठड्यावर ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूला घातक असते. तिथे पाणी लावून घासा, चिखल कागदावर गोळा करा आणि त्या कपड्यांत स्वयंपाक करू नका.

व्यवहार चोख

शेवटी पैशाचं. ज्या बायका हे काम धंदा म्हणून करतात त्यांच्यासाठी. नमुन्याची फळी घरातल्या सगळ्यांना दाखवा. फक्त काकूंना दाखवलं आणि संध्याकाळी काका आले की गोष्ट बदलते. पसंत पडलेल्या पट्ट्यावर खूण करा आणि फळीच्या मागे घरमालकाची सही घ्या. किती हात, कोणतं पॉलिश, किती दिवस जिना वापरायचा नाही, मालाचे पैसे कोणाचे, सही झाल्यावर रंग बदलायचा म्हटलं तर जादा मजुरी किती, हे सगळं एका कागदावर आणा. मालाचे पैसे आधी घ्या. गटाची बचत दुसऱ्याच्या जिन्यावर लावायची नाही. नमुना करण्यात एक दिवस जातो, त्या दिवसाची मजुरीही हिशोबात धरा. बायकांचा तो दिवस नेहमी फुकटात जातो, आणि तो आपण स्वतःच फुकट धरतो.

घरात एकच जिना असेल तर एक दिवस एक आड एक पायरी करा, वाळली की उरलेल्या करा. घरच्यांना वर-खाली जाता येतं आणि ताज्या पॉलिशवर पाय पडत नाही. करायच्या नसलेल्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र पसरलं की मुलांनाही कळतं पाय कुठे ठेवायचा.

काम झाल्यावर ती फळी फेकू नका. एक तुकडा घरमालकाला द्या, एक गटाकडे नाव-तारखेसह ठेवा. पाच वर्षांनी एखादी पायरी बदलायची वेळ आली, तर तोच तुकडा तुमचा साक्षीदार. फक्त तो बंद पेटीत राहिलेला आणि जिना उजेडात राहिलेला, एवढा फरक तेव्हा ध्यानात घ्या.

मैत्रिणींनो, तुमच्या वस्तीत कोणाला हे काम शिकायचं असेल तर आधी घरातल्या एखाद्या जुन्या पाटावर हात बसवा. पाट लहान असतो, बिघडला तरी घरातच राहतो, आणि जिन्याला लागणारं सगळं त्यावर शिकता येतं. पुढच्या वेळी बोलू ते याच कामाचे दर कसे ठरवायचे यावर.